वस्ताद आणि सेन्सेई

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांचे कराटेचे प्रात्यक्षिक झाले, ते अनेकांच्या लक्षात असेल. पांढरे पोशाख, कमरेला रंगीत पट्टे, आणि वीस-पंचवीस मुलेमुली एका सुरात ‘इचि, नि, सान, शि’ असे मोजत हात-पाय चालवीत होती. त्यांत माझी नातही होती, म्हणून मी पुढच्या रांगेत जागा धरून बसलो होतो. शेजारी मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे, तरुणपणी भालकीच्या बाजूला कुस्त्या केलेले. कान अजून पैलवानी, म्हणजे मुडपलेले. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, “गुरुजी, हे आकडे कुठल्या भाषेतले?” मी म्हणालो, जपानी. त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “बिदर-गुलबर्ग्याच्या पोरांना जपानी मोजता येतंय. मग आपल्या वस्तादांचं काय झालं हो?”

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आरती सुरू झाली आणि विषय तिथेच राहिला. पण प्रश्न मनातून जाईना. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असा प्रश्न चैन पडू देत नाही. या वर्षी स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा ठरवले, की तेच उत्तर लिहावे, जमेल तेवढे.

आधी आपल्या तालमीबद्दल. हा शब्दच पाहा. तालीम म्हणजे शिक्षण. अरबीतून उर्दूत आणि तिथून आपल्याकडे आलेला शब्द. मराठीत नाटकाच्या सरावालाही आपण तालीमच म्हणतो. पण गावात ‘तालमीत गेला’ म्हटले, की डोळ्यांसमोर एकच जागा येते: अर्धवट अंधारी खोली, मध्ये लाल मातीचा हौद, कोनाड्यात मारुती, भिंतीला टेकवलेले मुद्गल आणि करेला, आणि तेल, हळद, ताक यांचा मिळून येणारा वास. आपले कन्नड शेजारी तिला गरडी म्हणतात. बिदर आणि कलबुर्गीच्या जुन्या वस्त्यांत मराठी, कन्नड, दखनी बोलणारे सगळे एकाच हौदात उतरत. वस्ताद हिंदू की मुसलमान हे कुणी विचारीत नसे. विचारायचे ते एवढेच, की वस्तादाचा वस्ताद कोण.

माझ्या लहानपणीचे आमचे वस्ताद अंगाने फार मोठे नव्हते. पण हात निखळला, पाय मुरगळला, तर डॉक्टरकडे जाण्याआधी गाव त्यांच्याकडे जाई. सांधा बसवताना ते माणसाला बोलण्यात गुंतवत आणि बोलता बोलता कट्‌कन हाड जागेवर येई. शिकवण्याची पद्धत एकच: “हां, ये.” पोराने जायचे आणि पडायचे. का पडलो, हे विचारायचे नाही. शंभर वेळा पडल्यावर ते आपले आपल्याला कळे, किंवा कळत नसे. काही डाव ते ठरावीक दोघा-तिघांनाच दाखवीत. एक डाव तर त्यांनी कुणालाच दाखवला नाही, असे म्हणत. वस्ताद गेले, त्यांच्याबरोबर तो डावही गेला. पुढे हौद बुजला. तिथे आधी पिठाची गिरणी आली आणि आता मोबाईलचे दुकान आहे.

ही गोष्ट एका गावाची नाही. तिचा पाया आपल्याच मुलखात शोधता येतो. गुलबर्गा आणि नंतर बिदर ही बहमनींची राजधानी. बिदरच्या दरबारातल्या मलिक हसन बहरीचा मुलगा अहमद याने १४९० मध्ये स्वतःची निजामशाही उभी केली. फरिश्ता हा इतिहासकार आधी अहमदनगरला आणि मग विजापूरला राहिलेला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या ग्रंथात तो सांगतो, की या अहमद निजामशहाला तलवारबाजीचा मोठा नाद होता. राजाचा नाद तोच प्रजेचा. म्हणून शहरात मदरशांची जागा तलवारबाजीच्या शाळांनी घेतली, मोहल्ल्यामोहल्ल्यात त्या निघाल्या आणि द्वंद्वाची ही चाल साऱ्या दख्खनभर पसरली. फरिश्त्याला ती मुळीच आवडलेली नाही. पांढऱ्या दाढीचे प्रतिष्ठित गृहस्थ विजापूरच्या रस्त्यात क्षुल्लक कारणावरून तलवारी उपसतात आणि काही क्षणांत प्रेते पडतात, असा प्रसंग तो हळहळून नोंदवतो. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी आपल्या भागात मर्दानी विद्येची कमतरता नव्हती. शाळा होत्या, उस्ताद होते, विद्यार्थी तर झुंडीने होते. नव्हते ते एवढेच, की ही विद्या माणसाने जन्मभर कशासाठी बाळगावी याचा विचार.

जपानची स्थिती फार वेगळी नव्हती. तिथेही तलवारीचे, भाल्याचे, झोंबीचे शेकडो संप्रदाय होते. प्रत्येकाची गुपिते वेगळी. ती लिहिलेली गुंडाळी ठरलेल्या शिष्याच्याच हाती पडे. मग १८६८ नंतर मेजी राजवटीत जुनी व्यवस्था कोसळली. १८७६ मध्ये सामुराईंना कमरेला तलवार लावून हिंडण्याचीही बंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रविद्या शिकवणाऱ्या घराण्यांचे पोट गेले. कुणी तमाशासारखे तिकीट लावून प्रयोग केले, कुणी हाडे बसवून गुजराण केली. इकडे ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ चा शस्त्रकायदा आला. संस्थानी मुलखात फौजा आटत गेल्या. दोन्हीकडचे वस्ताद साधारण एकाच वेळी निरुपयोगी ठरले. वाटा वेगळ्या झाल्या त्या इथून पुढे.

जपानमध्ये त्या वेळी जिगोरो कानो नावाचा एक सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी तोक्योत शिकत होता. जन्म १८६०, कोबेजवळच्या मिकागे गावचा, साके गाळणाऱ्या सधन घराण्यातला. हुशार, इंग्रजी चांगले, पण अंगाने काटकुळा. वसतिगृहात दांडगी मुले छळत. दुबळ्याला बलवानावर मात करता येते अशी जुजुत्सू नावाची विद्या आहे, असे त्याने ऐकले होते. शिकवणार कोण? ती विद्या मागासलेली ठरून मोडीत निघालेली. या पोराने युक्ती काढली. त्याने हाडवैद्य शोधायला सुरुवात केली, कारण जुने जुजुत्सूचे वस्ताद आता तेच काम करतात, हे त्याला ठाऊक होते. हे वाचले तेव्हा मला आमचे वस्ताद आणि ते कट्‌कन वाजणारे हाड आठवले. जगाच्या दोन टोकांना एकाच विद्येला एकच जोडधंदा!

अशा शोधातून १८७७ मध्ये त्याला फुकुदा हाचिनोसुके भेटले. त्यांचीही शिकवण्याची तऱ्हा आपल्या ओळखीची. कानोने विचारले, हात कुठे धरायचा, पाय कसा टाकायचा? फुकुदांचे उत्तर एकच: ये. आणि उचलून आपटायचे. पुन्हा विचारले की पुन्हा ये. अंग ठणकत असायचे आणि शरीरभर मलमपट्ट्या, असे कानो पुढे सांगत. फरक पडला तो पुढे. कानोने पडण्यावर समाधान मानले नाही. आपण का पडलो ते तो शोधत राहिला. फुकुदा दोनच वर्षांत वारले. मग इसो, मग दुसऱ्या संप्रदायाचे इइकुबो, असे गुरू तो करत गेला. एका धिप्पाड सोबत्याला पाडता येईना तेव्हा तो ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळत बसला आणि खांद्यावर आडवे घेऊन फेकण्याचा डाव बसवला. डाव कुठून आला याची त्याला लाज नव्हती. आपल्याकडे ‘हे आमच्या घराण्याचे नाही’ म्हणून चांगली चीज नाकारणारे गवई आणि पैलवान दोन्ही पाहिलेल्या माणसाला हे थोडे टोचते.

मे १८८२ मध्ये तोक्योतल्या एइशोजी या बौद्ध मंदिराच्या बारा चटयांच्या खोलीत कानोने स्वतःची शाळा काढली. पहिल्या वर्षीचे विद्यार्थी नऊ. नाव कोदोकान, म्हणजे मार्ग शिकण्याचे घर. विद्येचे नावही त्याने बदलले. ‘जुत्सू’ म्हणजे हुन्नर, कसब. त्याऐवजी ‘दो’ म्हणजे मार्ग, वाट. जुजुत्सूचे जुदो झाले. आपण त्याला ज्युडो म्हणतो. शब्दाचा फेर लहान, पण अर्थ मोठा. कसब एकदा आले की आले. वाट मात्र चालावी लागते, आणि ती चालणाऱ्याला संपवता येत नाही. वारकऱ्यांच्या मुलखाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पंढरी गाठली म्हणून कुणी पुढच्या वर्षीची वारी चुकवत नाही.

कानोने जे केले त्यात चार गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. ज्या डावांत जीव जाण्याचा वा अवयव मोडण्याचा धोका होता ते त्याने रोजच्या झोंबीतून काढून ठरावीक हालचालींच्या संचात, म्हणजे कातामध्ये, जपून ठेवले. फेकले नाहीत. पाडायला शिकवण्याआधी पडायला शिकवले. हात चटईवर आपटून, मान आत घेऊन, इजा न होता पडणे हा पहिला धडा. बुद्धिबळासारख्या ‘गो’ या खेळातली दर्जाची पद्धत उचलून विद्यार्थ्यांसाठी पायऱ्या ठरवल्या; १८८३ मध्ये पहिले ‘शोदान’ दिले गेले. आज काळा पट्टा मिळाला की आपण पेढे वाटतो, पण शोदानचा अर्थ ‘सुरुवातीची पायरी’ एवढाच आहे. आणि चौथी गोष्ट, त्याने सगळे उघड केले. आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव वहीत नोंदले, डावांना नावे दिली, त्यांचे गट पाडले, का आणि कसे ते शब्दांत मांडले. आपला धोबीपछाड आणि त्यांचा ‘सेओई नागे’ जवळपास सख्खे भाऊ आहेत. पण सेओई नागे कसा लावायचा हे जगातल्या कुठल्याही गावचा मास्तर एकाच क्रमाने सांगू शकतो. धोबीपछाड वस्तादागणिक बदलतो आणि वस्तादाबरोबर जातो.

कानो पेशाने शिक्षक होता, हे विसरून चालणार नाही. तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचा तो कितीतरी वर्षे मुख्याध्यापक होता. तिथून बाहेर पडणारे मास्तर देशभरच्या शाळांत जात आणि ज्युडो त्यांच्याबरोबर जाई. १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर निवडून आलेला तो पहिला आशियाई. १९२६ मध्ये कोदोकानने स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. माझ्या थोरल्या बहिणीला आमच्या तालमीचा उंबरा ओलांडायची मुभा नव्हती, हे इथे प्रामाणिकपणे लिहायला हवे. १९३८ च्या मे महिन्यात कैरोची बैठक आटोपून परतताना ‘हिकावा मारू’ या बोटीवर कानो वारला, तेव्हा वय ७७ होते. शिकण्या-शिकवण्याची साठ वर्षे. ती बोट योकोहामाच्या बंदरात आजही जपून ठेवलेली आहे.

मग आपल्याकडे कुणीच असे केले नाही काय? केले. बडोद्याला जुम्मादादा नावाच्या मुसलमान उस्तादांचा आखाडा होता. त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी तो पुढे चालवला आणि गुरूचे नाव कायम ठेवून ‘जुम्मादादा व्यायाम मंदिर’ उभे केले. माणिकरावांनी लाठी, लेझीम, मलखांब, कुस्ती यांना आखाड्याच्या अंधारातून मैदानात आणले. शेकडो मुलांनी एकदम करायचे सांघिक व्यायाम बसवले आणि कवायतीचे इंग्रजी हुकूम बाजूला सारून आपल्या भाषेतले हुकूम रूढ केले. तेही नामांकित हाडवैद्य होते, हे जाता जाता सांगतो. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला; त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. आणि बडोद्याच्याच दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी तर १९३६ पासून मराठीत दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश काढला. कुस्तीच्या डावांपासून शस्त्रांपर्यंत सारे त्यात आहे. एवढे मोठे काम त्या वेळी दुसऱ्या कुठल्या भारतीय भाषेत झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपल्यापैकी किती जणांनी हे खंड हाताळले आहेत?

याच १९३६ सालचा एक योग मला फार आवडतो. बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाचा चमू तिथे भारतीय व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला गेला होता. त्याच बर्लिनमध्ये त्याच दिवसांत कानो १९४० चे ऑलिंपिक तोक्योला मिळवण्यासाठी बैठकीत बसला होता. ते त्याला मिळालेही, पुढे युद्धात बुडाले ही गोष्ट वेगळी. आपले लाठी-मलखांबवाले आणि तो म्हातारा ज्युडोचा गुरू एकाच शहरात होते. त्यांची गाठ पडायला हवी होती, असे उगाच वाटते.

आपल्या निजामी मुलखात मात्र हवा वेगळी होती. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुकेही तेव्हा बिदर जिल्ह्यातच. खासगी शाळांप्रमाणे आखाड्यांनाही सरकारी परवानगीचा फेरा होता आणि १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात ही एक तक्रार होती. तालमीत जाणे म्हणजे राजकारण, असा अर्थ निघू लागला. अशा दिवसांत कोण वस्ताद वही घेऊन डाव लिहून काढणार? हा माझा तर्क आहे, पण बडोद्याला जे सयाजीरावांच्या आश्रयाने फुलले ते बिदरला का फुलले नाही, याचे थोडे उत्तर इथे असावे.

जपानी विद्या हिंदुस्थानात आली ती कराटेच्या किती तरी आधी, आणि आणली ती कुणी पैलवानाने नव्हे तर कवीने. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ च्या सुमाराला सानो जिन्नोसुके यांना शांतिनिकेतनात जुजुत्सू शिकवायला बोलावले. पुढे १९२९ मध्ये जपानला गेले असता त्यांनी कोदोकानकडून शिक्षक मागितला आणि शिन्झो ताकागाकी शांतिनिकेतनात दाखल झाले. मुलांबरोबर मुलीही शिकत. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांच्या मातोश्री अमिता सेन त्या काळात शांतिनिकेतनात ज्युडो शिकल्या, हे त्यांनी आठवणींत लिहिले आहे. १९३१ मध्ये कोलकात्याच्या न्यू एम्पायर थिएटरात ज्युडोचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्यासाठी रवींद्रनाथांनी खास गाणे रचले. एवढे असून पैशाची ओढाताण संपेना. ताकागाकींना कोलकात्यात कुणी ठेवून घ्यावे म्हणून त्यांनी खटपट केली, ती फळाला आली नाही. दोन वर्षांत ताकागाकी निघून गेले आणि रोप वाळले. गुरू आणणे सोपे आहे, त्याच्या रोजच्या भाकरीची सोय लावणे कठीण. तालीम चालवलेल्या कुणालाही विचारा.

आता त्या दोन वाटा प्रत्यक्ष भिडल्या तो प्रसंग. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, जन्म १९२६. कुस्ती घरातलीच, पुढे कोल्हापूरच्या मातीत पक्की झालेली. प्रवासासाठी पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही हकीकत आपल्याकडे घरोघर सांगतात. बँटमवेट गटात त्यांच्यासमोर आला जपानचा शोहाची इशी. जन्म तोच, १९२६. हा मुळात कुस्तीगीर नव्हताच, ज्युडोवाला होता. युद्धानंतर अमेरिकी अमलात जपानी शाळांतून ज्युडोसकट सगळ्या युद्धविद्यांवर बंदी आली, तेव्हा नाइलाजाने तो कुस्तीकडे वळला. निजामाला आखाड्यांची भीती, अमेरिकनांना ज्युडोची. सरकारे बदलतात, भीती तीच.

पंधरा मिनिटांची ती लढत गुणांवर इशीने जिंकली. खाशाबा चटईवरून उतरतात तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम. पण ते सांगायला त्यांच्या बाजूने कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, सोव्हिएत मल्लाला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली. जपानचे त्या ऑलिंपिकमधले एकमेव सुवर्ण ज्युडो शिकलेल्या माणसाने कुस्तीत आणले. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगे, की आपली माती त्या दिवशी कमी पडली नाही. अंगात कसब होते, छाती होती. पाठीशी उभी राहणारी व्यवस्था तेवढी नव्हती. ज्याने कांस्य आणले त्या खाशाबांना पोलिसात नोकरी मिळाली, पण पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर सोळा वर्षांनी.

राहिले कराटे, जे आपल्या मांडवात दिसले. ते मुळात जपानच्या मुख्य बेटांचेही नव्हे. दक्षिणेच्या ओकिनावा बेटांचे. तिथले गिचिन फुनाकोशी हेसुद्धा शाळामास्तर. लहानपणी रात्री कंदिलाच्या उजेडात गुरूच्या अंगणात एकच काता महिनोन्‌महिने करत राहायचे, गुरू ओसरीवर बसून पाहायचे आणि क्वचित ‘बरं’ एवढेच म्हणायचे, असे त्यांनी लिहिले आहे. १९२२ मध्ये ते तोक्योला प्रात्यक्षिकासाठी आले ते वयाची पन्नाशी उलटल्यावर. कानोने त्यांना कोदोकानमध्ये बोलावून ही विद्या करून दाखवायला लावली, आणि ते राहिलेच. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाडलोट, राखण करून ते कराटे शिकवत. त्यांनी एक अक्षर बदलले. कराटे आधी ‘चिनी हात’ अशा अर्थाने लिहीत. त्यांनी उच्चार तोच ठेवून ‘रिकामा हात’ असे लिहायला लावले. आणि तो ‘रिकामा’ म्हणजे नुसता शस्त्राविना नव्हे. ते अक्षर बौद्ध ग्रंथांतल्या ‘शून्य’साठी वापरतात तेच. आपल्याच भूमीवरचा शब्द चीन, जपान फिरून पोरांच्या पांढऱ्या पोशाखावर परत आला आहे, हे माझ्या शेजारच्या पैलवानकाकांना मी सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, “म्हणजे सासरहून माहेरी आलाय.” फुनाकोशींची तोक्योतली शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली, मुलगाही त्याच काळात वारला. तरी वयाच्या ऐंशीनंतरही ते शिकवत राहिले. १९५७ मध्ये ८८ व्या वर्षी गेले. २०२१ मध्ये तोक्योत कराटे ऑलिंपिकला खेळले गेले तेव्हा पुरुषांच्या कातामध्ये सुवर्णपदक ओकिनावाच्याच र्‍यो कियुनाला मिळाले.

आपल्याकडे कराटे मुंबईतून सत्तरीच्या दशकात पसरू लागले. परवेझ मिस्त्री हे त्यातले अग्रणी नाव. मग ब्रूस लीचे चित्रपट आले आणि गल्लोगल्ली पोरे हवेत लाथा मारू लागली. (ब्रूस ली कराटेवाला नव्हता, तो कुंग फूवाला, पण हे तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती.) आमच्या जिल्ह्यांत वर्ग निघाले ते शाळांच्या मैदानांवर, मंगल कार्यालयांच्या गच्चीवर. सगळेच वर्ग चांगले, असे मी म्हणणार नाही. तीन महिन्यांत पट्टा, पट्ट्याला फी, फोटोला वेगळी फी, हा व्यापारही पाहिला आहे. कानो-फुनाकोशींची साठ-सत्तर वर्षे आणि हे तीन महिने! पण नातीच्या वर्गाला मी काही दिवस मुद्दाम जाऊन बसलो. तिचे मास्तर तिशीतले, दिवसा नोकरी करणारे. पहिला महिनाभर त्यांनी मुलांना फक्त उभे राहायला, वाकून नमस्कार करायला आणि पडायला शिकवले. एका मुलाने विचारले, ठोसा केव्हा? मास्तर म्हणाले, “पडून उठता आलं की.” मला आमचे वस्ताद दिसले. फक्त या मास्तरांच्या हातात एक वही होती. कुणाला काय येते, काय येत नाही, तारखेनिशी लिहिलेले.

पैलवानकाकांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वहीत सापडले. आमचे वस्ताद कमी नव्हते. त्यांच्याकडे वही नव्हती, आणि ती असावी असे त्यांच्या शिष्यांपैकी, म्हणजे आमच्यापैकी, कुणाला वाटले नाही. दोष द्यायचा तर मी स्वतःपासून सुरुवात करीन. लिहिता येणारा त्या हौदावर मीच होतो.

म्हणून दिवाळीनंतर एक काम सुरू केले. दर रविवारी सकाळी काकांकडे जातो. ते खाटेवर बसून सांगतात, मी लिहितो. हात कुठे, पाय कुठे, वजन कधी टाकायचे. शब्द अडला की ते उठायला बघतात, सूनबाई ओरडते, “मामंजी, बसून सांगा!” मग ते मलाच उभे करतात आणि माझ्या मनगटाला धरून दाखवतात. पकड अजून लोखंडी आहे. आजवर ४३ डाव झाले. त्यांत दोन असे, की ज्यांचे नावच ते विसरले आहेत. आठवेल तेव्हा लिहू म्हणून जागा कोरी सोडली आहे. नात कधी बरोबर येते, मोबाईलवर चित्रण करते. मागच्या रविवारी तिने काकांना विचारले, “आजोबा, मला शिकवाल?” काका माझ्याकडे पाहत राहिले. साठ वर्षांपूर्वी या प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर होते. मग त्यांनी खाटेखालून चपला काढल्या, भिंतीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, “हां, ये.”